मंडालेची दिनचर्या : लोकमान्य टिळकांच्या मनोधैर्याची ऐतिहासिक मीमांसा

थोर पुरुषांच्या मनोधैर्याचे विवेचन करताना मराठी चरित्रवाङ्मयात बहुधा दोन मार्ग अनुसरले जातात. एक तर ते धैर्य जन्मजात मानले जाते आणि बालपणीच्या दोनचार आख्यायिका त्याला आधार म्हणून दिल्या जातात. किंवा ते एखाद्या तत्त्वज्ञानाचे फळ ठरवून त्या तत्त्वज्ञानाच्या स्तुतीतच चरित्रकाराची लेखणी रमते. या दोन्ही उपपत्तींमध्ये एक समान वैगुण्य आहे. त्यांत काळाला स्थान नाही. जे जन्मतःच सिद्ध आहे किंवा जे विचाराने एकदम प्राप्त होते, त्याला इतिहास असू शकत नाही. परंतु माणसाचे मन खचण्याचे प्रसंग कालक्रमाने येतात, त्या प्रसंगांना तोंड देण्याच्या सवयी कालक्रमाने जडतात आणि या सवयींची कसोटीही कालक्रमानेच लागते. म्हणून मनोधैर्य हा इतिहासाच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो, नव्हे व्हावयास हवा.

आजच्या मानसशास्त्रात आघात सोसून पुन्हा कार्यक्षम होण्याच्या गुणाला भावनिक लवचिकता असे नाव रूढ झाले आहे आणि नियमित झोप, मित आहार, ठरावीक वेळी काम व ठरावीक वेळी विश्रांती यांच्याशी त्या गुणाचा संबंध जोडला जातो. हा संबंध एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत साधनांच्या आधारे तपासून पाहता येतो काय, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. त्यासाठी लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचा १९०८ ते १९१४ या काळातील मंडालेचा कारावास निवडला आहे. या कारावासात लिहिलेल्या गीतारहस्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु ज्या दिवसांमधून तो ग्रंथ निर्माण झाला, त्या दिवसांची घडण कशी होती, ही घडण कोठून आली आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याकडे तितकेसे लक्ष गेलेले नाही.

१. साधनांचा विचार

या विषयाची साधने चार प्रकारची आहेत. पहिले साधन म्हणजे खुद्द टिळकांनी गीतारहस्याला जोडलेली प्रस्तावना. तीत ग्रंथलेखनाची परिस्थिती, मिळालेल्या सवलती व घातलेली बंधने यांची माहिती त्यांनीच दिली आहे. दुसरे साधन त्यांनी तुरुंगातून लिहिलेली पत्रे. यांपैकी बरीचशी त्यांचे भाचे धोंडोपंत विद्वांस यांना लिहिलेली आहेत. तिसरे साधन आठवणींचे. मंडालेच्या तुरुंगात टिळकांचा स्वयंपाक करणारे सातारा जिल्ह्यातील कैदी वासुदेव रामराव कुलकर्णी यांनी सांगितलेला वृत्तांत त्यांत अत्यंत महत्त्वाचा आहे, कारण टिळकांचा त्या काळातील दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत इतक्या जवळून पाहणारा दुसरा साक्षीदार नाही. चौथे साधन नंतरच्या काळातील आहे. सुभाषचंद्र बोस हे १९२५ ते १९२७ या काळात मंडालेस बंदिवासात होते आणि टिळकांच्या कारावासाच्या जागेविषयी व तेथील परिस्थितीविषयी त्यांनी नरसिंह चिंतामण केळकर यांना पत्राने कळविले होते.

ही साधने वापरताना सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. पत्रे तुरुंगाधिकाऱ्यांच्या नजरेखालून जात. त्यांत राजकारणाचा मजकूर येऊ शकत नसे आणि घरच्या माणसांना काळजी वाटू नये म्हणून लिहिणारा स्वतःच काही गोष्टी सौम्य करून लिहीत असणार. आठवणी भक्तिभावाने सांगितल्या गेल्या आहेत आणि त्यांतील पुष्कळशा लोकमान्यांच्या निधनानंतर, म्हणजे १९२० नंतर, शब्दबद्ध झाल्या. तथापि भक्तीने रंगलेली आठवणसुद्धा जेवणाची वेळ किंवा पुस्तकांची मांडणी यांविषयी खोटे सांगण्याचे कारण नसते. उदात्त उद्गारांच्या बाबतीत या साधनांवर जितका कमी विश्वास टाकावा, तितकाच क्षुल्लक तपशिलाच्या बाबतीत तो अधिक टाकण्यास हरकत नाही. दिनचर्येचा अभ्यास करणाऱ्याला हा तपशीलच हवा असतो, हे त्याचे भाग्य होय.

२. पूर्वतयारी : १८७२ ते १९०८

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. वयाच्या दहाव्या वर्षी, १८६६ साली, मातोश्री पार्वतीबाई निवर्तल्या आणि १८७२ साली वडील गंगाधरपंतही गेले. त्या वेळी टिळक सोळा वर्षांचे होते व त्यांचा विवाह होऊन एक वर्ष उलटले होते. वडिलांच्या अखेरच्या आजारात त्यांना गीतेवरील प्राकृत टीका वाचून दाखविण्याचे काम या मुलाकडे आले आणि गीतेशी आपला पहिला परिचय त्या वेळी झाला, असे गीतारहस्याच्या प्रस्तावनेत नमूद आहे. जो ग्रंथ पुढे त्यांच्या कारावासाचा सोबती झाला, तो त्यांच्या हाती प्रथम आला तो मृत्युशय्येजवळ, ही गोष्ट चरित्रदृष्ट्या लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होऊन टिळक डेक्कन कॉलेजात दाखल झाले, तेव्हा त्यांची प्रकृती कृश व नाजूक होती. कॉलेजातील पहिले वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून व्यायामाला वाहिले. तालीम, पोहणे, भरपूर दूध व पौष्टिक आहार असा त्या वर्षाचा कार्यक्रम होता. परीक्षेच्या दृष्टीने वर्ष वाया गेले. शरीर मात्र सुधारले. या गोष्टीकडे चरित्रकार कौतुकाने पाहतात आणि पुढे जातात. परंतु तिचा खरा अर्थ निराळा आहे. आईवडील गमावलेल्या, घरचा आधार तुटलेल्या एका विद्यार्थ्याने आपल्या दुर्बलतेचा हिशेब मांडला, तिच्यावर इलाज ठरविला, त्याची किंमत म्हणून एक वर्ष दिले आणि ठरविल्याप्रमाणे ते वर्ष पार पाडले. संकल्प, मुदत आणि नित्यक्रम ही त्रयी टिळकांच्या आयुष्यात प्रथम दिसते ती येथे. मंडालेच्या खोलीत ती पुन्हा दिसेल.

कारावासाचाही अभ्यास मंडालेपूर्वी दोनदा घडला होता. कोल्हापूरच्या कारभाराविषयी केसरी व मराठा या पत्रांत आलेल्या मजकुरावरून माधवराव बर्वे यांनी केलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात १७ जुलै १८८२ रोजी टिळक व गोपाळ गणेश आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. २६ ऑक्टोबर रोजी ते सुटले. डोंगरीच्या तुरुंगातील या १०१ दिवसांचा वृत्तांत आगरकरांनी लिहून ठेवला आहे. निकृष्ट अन्नाने दोघांचीही वजने घटली. परंतु दोघे एकत्र असल्यामुळे वादविवादात वेळ जात असे. सव्वीस वर्षांच्या तरुणांचा हा कारावास होता. मैत्री हाच त्यातील मनाचा आधार होता.

दुसरा प्रसंग १८९७ चा. राजद्रोहाच्या आरोपावरून १४ सप्टेंबर १८९७ रोजी अठरा महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली आणि मुदतीपूर्वीच ६ सप्टेंबर १८९८ रोजी सुटका झाली. या वेळी सोबतीला कोणी मित्र नव्हता. शरीर पुन्हा खालावले. परंतु प्रोफेसर मॅक्स म्युलर यांनी ऋग्वेदाच्या आपल्या आवृत्तीची प्रत पाठविली आणि सरकारने रात्री काही तास दिवा वापरण्याची परवानगी दिली. त्या रात्रीच्या वाचनातून वेदांतील आर्यांच्या मूलस्थानाविषयीच्या ग्रंथाची कल्पना आकाराला आली व १९०३ साली तो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील सिद्धान्त पुढील संशोधनात टिकला नाही, हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, १८८२ साली जो आधार मित्राच्या सहवासात होता, तो १८९७ साली एका ठरावीक वेळच्या ठरावीक कामात सापडला.

या दोन कारावासांच्या पुढेमागे टिळकांनी आणखी एक सवय जोपासली होती. उन्हाळ्याच्या दिवसांत ते सिंहगडावर जाऊन राहत. तेथे पुण्याच्या सभा, खटले व वर्तमानपत्राची धावपळ यांपासून दूर राहून वाचन व लेखन चाले. अखंड श्रम करणारा पुढारी अशी त्यांची प्रतिमा आहे; परंतु कामाच्या घाईतून ठरवून दूर होण्याचा हा नियम त्या प्रतिमेत बसत नाही म्हणून तो विसरून चालणार नाही. एकांतात काम करण्याची सवय स्वेच्छेने लावून घेतलेल्या माणसाला सक्तीचा एकांत सर्वस्वी परका वाटत नाही.

१९०३ हे वर्ष टिळकांच्या आयुष्यात विशेष कठीण गेले. ताईमहाराज प्रकरणात त्यांना खालच्या न्यायालयात शिक्षा झाली. हायकोर्टाने ती रद्द करून त्यांना निर्दोष ठरविले ते पुढच्या वर्षी, मार्च १९०४ मध्ये. याच १९०३ साली थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगला बळी पडला. पत्राचे व खटल्याचे काम या काळातही चालू राहिले. याला कोणी कठोरपणा म्हणेल. परंतु दुःखाच्या प्रसंगी नित्याचे काम न सोडणे ही टिळकांच्या बाबतीत दुःख नाकारण्याची रीत नसून ते वाहून नेण्याची रीत होती, असे १९१२ सालच्या पत्रावरून दिसते. त्याचा विचार पुढे येईल.

३. मंडालेचा दिवस

२२ जुलै १९०८ रोजी रात्री मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा व एक हजार रुपये दंड सुनावला. ज्यूरीने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने त्यांना दोषी ठरविले होते. दुसऱ्या दिवशी टिळकांच्या वयाला बावन्न वर्षे पूर्ण झाली. प्रथम साबरमतीस व तेथून सप्टेंबर महिन्यात ब्रह्मदेशातील मंडाले येथे त्यांची रवानगी झाली. काळ्या पाण्याच्या शिक्षेचे रूपांतर साध्या कैदेत करण्यात आले होते. या फरकाचे महत्त्व मोठे आहे. त्याच सुमारास अंदमानात गेलेल्या सावरकर बंधूंना कोलू ओढावा लागला. टिळकांना अंगमेहनतीचे काम नव्हते. मंडालेची दिनचर्या शक्य झाली ती या सवलतीमुळे. दिवस रिकामा मिळणे ही नियमित जीवनाची पूर्वअट आहे, आणि ती प्रत्येक कैद्याला लाभत नाही, हे विसरून केलेले गुणवर्णन अन्याय्य ठरते.

परंतु रिकामा दिवस हाच एकांतवासातील माणसाचा शत्रूही असतो. मंडालेच्या तुरुंगातील टिळकांची जागा लाकडी होती. लाकडी पट्ट्यांच्या भिंतींमधून उन्हाळ्यात झळा व धूळ, पावसाळ्यात पाणी आणि हिवाळ्यात थंड वारा आत येई. सुभाषचंद्र बोस यांनी स्वतः अनुभव घेऊन या गोष्टीची साक्ष दिली आहे. आजूबाजूला मराठी बोलणारे कोणी नाही, वर्तमानपत्र नाही, ठरावीक मुदतीनेच पत्र लिहावयाचे आणि ठरावीक मुदतीनेच नातलगांनी भेटावयाचे, अशी स्थिती होती. कुलकर्णी स्वयंपाकासाठी आले तेव्हा बोलण्यास एक मराठी माणूस मिळाला.

या परिस्थितीत टिळकांनी दिवस कसा बांधला, हे कुलकर्णी यांच्या वृत्तांतावरून कळते. पहाटे उठणे, ईश्वरस्मरण, प्रातर्विधी, वाचन, स्नानसंध्या, सकाळीच जेवण, दुपारी पुन्हा वाचन व लेखन, सूर्यास्तापूर्वी दुसरे जेवण, संध्याकाळी कोठडी बंद झाल्यावर पुन्हा वाचन अगर चिंतन आणि वेळेवर झोप, असा तो क्रम होता. या क्रमात अलौकिक असे काहीही नाही. कोकणातील किंवा देशावरील कोणत्याही विद्याव्यासंगी ब्राह्मण गृहस्थाचा दिवस थोड्याफार फरकाने असाच जात असे. येथेच त्याचे मर्म आहे. टिळकांनी तुरुंगासाठी नवीन जीवनपद्धती शोधून काढली नाही. घरचा दिवस त्यांनी तुरुंगात नेला. तुरुंगाने त्यांच्या दिवसाला स्वतःची शिस्त लावण्यापूर्वीच त्यांनी त्याला आपली शिस्त लावली.

आहाराच्या बाबतीतही तीच दृष्टी दिसते. टिळकांना मधुमेहाचा विकार होता. इन्सुलिनचा शोध १९२१ साली लागला व रोग्यांवर त्याचा प्रयोग १९२२ साली सुरू झाला. म्हणजे टिळकांच्या हयातीत या विकारावर पथ्य हाच मुख्य इलाज होता. मंडालेस त्यांनी नेहमीच्या धान्याऐवजी सातूच्या पिठावर भर दिला आणि हे पथ्य नेटाने पाळले. खाण्याच्या आवडीनिवडी हे कैद्याला उरलेले थोडेसे सुख असते. ते सोडून देण्याचा निर्णय बाहेरच्या सक्तीने झालेला नव्हता. ज्याच्या हाती काहीच राहिलेले नाही अशा माणसाने जे हाती राहिले आहे त्याचा कारभार चोख ठेवावा, हा या वर्तनाचा अर्थ आहे.

कुलकर्णींच्या आठवणींत चिमण्यांचा एक उल्लेख येतो. टिळक जेवणातील काही कण चिमण्यांसाठी ठेवीत आणि कालांतराने त्या निर्धास्तपणे त्यांच्याजवळ येऊन बसू लागल्या, असे ते सांगतात. आख्यायिकेचा भाग वजा केला तरी एवढे शिल्लक राहते की, पाखरे धीट होण्यास रोज त्याच वेळी, त्याच जागी, तेच घडावे लागते. दिनचर्येच्या नियमितपणाचा हा निःपक्षपाती पुरावा म्हणता येईल.

४. बंधने आणि ग्रंथ

गीतारहस्य हा ग्रंथ २ नोव्हेंबर १९१० ते ३० मार्च १९११ या काळात, म्हणजे सुमारे पाच महिन्यांत, लिहिला गेला. हा काळ मंडालेतील हिवाळ्याचा होय. लेखनाला घातलेली बंधने प्रस्तावनेत दिली आहेत. सुटे कागद मिळत नसत. पाने मोजून व आकडे घालून दिलेल्या बांधीव वह्याच मिळत. शाई दिली जात नसे. फक्त शिसपेन्सिल, तीही टोक करून. प्रारंभी एका वेळी चारच पुस्तके जवळ ठेवता येत. पुढे तक्रार केल्यावर ही अट सैल झाली आणि अखेरीस त्यांच्याजवळील पुस्तकांची संख्या साडेतीनशे ते चारशेपर्यंत गेली.

मोजलेल्या पानांच्या बांधीव वहीत लिहिणाऱ्याला पान फाडता येत नाही आणि मध्ये नवे पान घालता येत नाही. पंधरा प्रकरणांचा, कांट, मिल, स्पेन्सर व ग्रीन यांच्या मतांची चिकित्सा करणारा आणि गीतेच्या प्राचीन भाष्यांशी वाद घालणारा ग्रंथ अशा वह्यांत पाच महिन्यांत उतरतो, यावरून लेखनापूर्वी त्याची मांडणी मनात पूर्ण झाली होती, असे अनुमान निघते. प्रस्तावनेवरूनही या अनुमानाला दुजोरा मिळतो. गीतेच्या तात्पर्याविषयीचे आपले मत त्यांनी कारावासापूर्वी काही वर्षे नागपूर येथील व्याख्यानात मांडले होते. म्हणजे पाच महिन्यांच्या लेखनामागे पुष्कळ वर्षांचे मनन आणि मंडालेतील पहिली दोन वर्षे उभी आहेत. ती दोन वर्षे वाचनात, टिपणे काढण्यात व भाषा शिकण्यात गेली. जर्मन, फ्रेंच व पाली या भाषांतील ग्रंथ वाचता येण्याइतका अभ्यास त्यांनी तेथे स्वतःच केला. पन्नाशी उलटलेल्या, सुटकेविषयी खात्री नसलेल्या माणसाने परक्या भाषेचे व्याकरण पाठ करणे याला मानसशास्त्रीय अर्थ आहे. भाषा शिकणारा मनुष्य रोज थोडा पुढे जातो आणि ती प्रगती त्याला मोजता येते. शिक्षेचे दिवस मोजण्याऐवजी धडे मोजता येतात.

येथे ग्रंथाच्या आशयाचा थोडा विचार अवश्य आहे. पाचव्या प्रकरणात सुखदुःखांचे विवेचन आहे आणि बाराव्यात सिद्धावस्थेला पोहोचलेल्या पुरुषाने अपूर्ण समाजात कसे वागावे याची चर्चा आहे. सुखदुःखांविषयी बुद्धी सम ठेवावयाची, परंतु ती कर्म सोडण्यासाठी नव्हे. कर्म अधिक नीट व्हावे म्हणून ठेवावयाची, हा टिळकांच्या प्रतिपादनाचा गाभा होय. मनाची शांती हे येथे अंतिम ध्येय नाही. ती कर्तव्याची सामग्री आहे. चित्ताचा निग्रह अभ्यासाने, म्हणजे पुनःपुन्हा केलेल्या प्रयत्नाने, साधतो हे गीतेचे मत त्यांना मान्य आहे. विल्यम जेम्स यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात सवयीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहून लहानलहान कृतींच्या पुनरावृत्तीतून चारित्र्य घडते असे प्रतिपादिले होते. दोन निरनिराळ्या परंपरांतून आलेले हे विचार एका ठिकाणी जुळतात.

तेव्हा दिनचर्या तत्त्वज्ञानातून निघाली की तत्त्वज्ञान दिनचर्येतून? कालक्रम पाहता व्यायामाचे वर्ष गीतारहस्याच्या लेखनापूर्वी सुमारे सदतीस वर्षे येते, डोंगरीचा तुरुंग अठ्ठावीस वर्षे आणि सिंहगडावरील मुक्काम कित्येक वर्षे आधी येतात. गीतेचा परिचय मात्र त्या सर्वांच्या आधीचा, १८७२ चा आहे. यावरून सरळ रेषेतील कार्यकारणभाव कोणत्याही बाजूने सिद्ध होत नाही. आचार व विचार एकमेकांना आधार देत वाढत गेले आणि १९१० साली विचाराने लेखनाचे रूप घेतले, एवढाच निष्कर्ष साधनांना धरून आहे.

५. कसोटी : जून १९१२

ग्रंथ पूर्ण झाल्यावर सव्वा वर्षाने, ७ जून १९१२ रोजी, पुण्यास सत्यभामाबाई टिळक यांचे निधन झाले. विवाहाला एकेचाळीस वर्षे झाली होती. तारेने वृत्त मंडालेस पोहोचले. त्यानंतर टिळकांनी विद्वांसांना लिहिलेले पत्र हा या निबंधाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे.

समबुद्धीचे प्रतिपादन लिहून हातावेगळे केलेल्या माणसाकडून वाचकाची जी अपेक्षा असेल, ती हे पत्र पुरी करीत नाही. आपत्ती शांतपणे सोसण्याची आपल्याला सवय आहे, परंतु या आघाताने आपण बरेच हादरलो, अशी कबुली त्यांनी त्यात स्पष्टपणे दिली आहे. अखेरच्या वेळी आपण तिच्याजवळ असू शकलो नाही, याचे दुःख त्यांनी बोलून दाखविले आहे. आयुष्यातील एक पर्व संपले, अशी भावनाही त्यात आहे. त्यानंतर पत्र मुलांकडे वळते. त्यांच्या अभ्यासात खंड पडू देऊ नये, त्यांना धीर द्यावा. आपण त्यांच्याहून लहान असताना पोरके झालो होतो आणि अशा आपत्तींनी माणसाने अधिक स्वावलंबी व्हावयास हवे, असे ते सांगतात.

या पत्राचा क्रम विचार करण्यासारखा आहे. प्रथम दुःखाची कबुली, नंतर त्या दुःखाचे नेमके कारण, नंतर स्वतःच्या पूर्वानुभवाची आठवण आणि शेवटी पुढील कामाची व्यवस्था. धैर्य म्हणजे आघात न जाणवणे, अशी समजूत असणाऱ्याला हे पत्र दुर्बलतेचे वाटेल. वस्तुतः ते उलट गोष्ट सिद्ध करते. ज्याला आपले हादरणे लिहिता येते आणि त्याच पत्रात मुलांच्या अभ्यासाची सोय लावता येते, त्याचे धैर्य बधिरतेहून निराळे आहे. विशेष म्हणजे मुलांना देण्यासाठी त्यांनी गीतेतील सिद्धान्त निवडला नाही. १८६६ व १८७२ सालचे स्वतःचे पोरकेपण निवडले. चाळीस वर्षांपूर्वीचे दुःख येथे पुढील पिढीच्या उपयोगी पडणारा अनुभव झाले आहे.

शिक्षेच्या काळात अटी मान्य करून लवकर सुटण्याचा मार्गही सुचविला गेला होता. तो टिळकांनी स्वीकारला नाही. सार्वजनिक जीवनाला मुकून मिळणारी सुटका त्यांना नको होती. या नकाराची खरी किंमत १९१२ च्या जूनमध्ये कळली असली पाहिजे.

६. मर्यादा आणि निष्कर्ष

येथपर्यंतचे विवेचन एका व्यक्तीच्या निग्रहाचे झाले. परंतु तेवढ्यावर थांबणे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. मंडालेची दिनचर्या एकट्या टिळकांनी उभारलेली नव्हती. पुस्तके पुण्याहून जात होती आणि ती मिळवून पाठविण्याचे, घरचे व्यवहार पाहण्याचे, मुलांवर लक्ष ठेवण्याचे काम विद्वांस करीत होते. दादासाहेब खापर्डे शिक्षेविरुद्ध प्रयत्न करण्यासाठी इंग्लंडपर्यंत गेले होते. सातूचे पीठ टिळकांच्या ताटात येत होते ते कुलकर्णी नावाच्या दुसऱ्या एका कैद्याच्या हातून. कैदेत असतानाच दुसऱ्याचे पथ्य सांभाळणाऱ्या या माणसाचे मनोधैर्य हा स्वतंत्र विषय होऊ शकला असता. आणि पुण्यास सत्यभामाबाई होत्या. पती कारावासात असताना त्यांनी स्वतःवर घालून घेतलेल्या निर्बंधांची हकीकत आठवणींत येते. परंतु त्यांच्या चार वर्षांची दिनचर्या कोणी लिहून ठेवली नाही. मंडालेतील प्रत्येक वहीची पाने मोजलेली आहेत. पुण्याच्या वाड्यातील त्या दिवसांची मोजदाद नाही. मनोधैर्याचा इतिहास लिहिताना ज्यांच्याजवळ पेन्सिल होती त्यांचाच इतिहास लिहिला जातो, ही साधनांची मर्यादा अभ्यासकाने उघडपणे मान्य करावयास हवी.

दुसरी मर्यादा शरीराची. नियमित आहार व वेळापत्रक यांनी टिळकांनी सहा वर्षे निभावून नेली. परंतु मंडालेचे हवामान व मधुमेह यांनी आपला वाटा घेतलाच. या कारावासाने टिळकांचे आयुष्य कमी केले, असे बोस यांचे मत होते. १ ऑगस्ट १९२० रोजी, सुटकेनंतर सुमारे सहा वर्षांनी, चौसष्टाव्या वर्षी ते निवर्तले. चांगल्या सवयी मनुष्याला परिस्थितीपासून पूर्णपणे मुक्त करीत नाहीत. परिस्थितीत काम करण्याची शक्यता तेवढी त्या राखून ठेवतात. अन्यायी परिस्थितीचे समर्थन म्हणून सोसण्याच्या शक्तीचे गोडवे गाणे हे टिळकांच्या कर्मयोगाच्याही विरुद्ध आहे, कारण त्यांच्या मते समबुद्धी हवी होती ती परिस्थिती बदलण्याचे काम नीट व्हावे यासाठी.

१६ जून १९१४ च्या रात्री टिळक पुण्यास घरी पोहोचले. गीतारहस्याच्या वह्या सरकारने काही काळ ठेवून घेतल्या होत्या. त्या परत मिळण्याविषयी स्नेह्यांनी चिंता व्यक्त केली असता, वह्या सरकारजवळ असल्या तरी ग्रंथ आपल्या डोक्यात आहे, तो पुन्हा लिहून काढता येईल, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले, असे सांगितले जाते. हा उद्गार शब्दशः खरा असो वा नसो, मंडालेतील सहा वर्षांच्या अभ्यासाशी तो विसंगत नाही. पुढे वह्या परत आल्या आणि १९१५ च्या जून महिन्यात ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या वर्षी, १९१६ साली, होमरूल लीगची स्थापना होऊन टिळक पुन्हा देशभर फिरू लागले.

या सर्व विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. टिळकांचे मंडालेतील मनोधैर्य एकाएकी प्रकट झालेले नव्हते. १८७२ नंतरच्या छत्तीस वर्षांत, पोरकेपणा, व्यायाम, दोन कारावास, पुत्रशोक व एकांतातील व्यासंग यांतून ते घडत आले होते. ते ज्या रूपाने टिकले, ते रूप झोप, आहार, वाचन व लेखन यांच्या साध्या वेळापत्रकाचे होते. आणि ते टिकविण्यास इतरांचे श्रम लागले, ज्यांपैकी काहींची नोंद आहे व काहींची नाही. जन्मसिद्ध धैर्याच्या कल्पनेने वाचक केवळ नमस्कार करून मोकळा होतो. सवयींनी घडलेल्या धैर्याचा इतिहास त्याला तेवढ्यावर सुटू देत नाही. पहाटे उठणे, ठरलेले धडे गिरविणे आणि दुःख आले तर ते कबूल करून कामाला लागणे या गोष्टी कोणत्याही माणसाच्या आवाक्यातील आहेत, हे तो त्याच्या समोर ठेवतो.